आजचे चिंतन : केस कुणाचे?



आजचे वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५४.

रुक्मिणीहरणाची कथा आपण तीन दिवस वाचतो आहोत. परवा पत्र झालं, काल अंबिकेच्या देवळातून रथात बसणं झालं, आज पाठलाग आणि लढाई. आमच्या घरी ही कथा नाथमहाराजांच्या रुक्मिणीस्वयंवरातून आली. लग्न जमायला उशीर होत असलेल्या मुलीने हा ग्रंथ वाचावा अशी आपल्याकडे पद्धत. माझ्या मावशीने तीन पारायणे केली आणि तिसरे संपायच्या आत स्थळ आले, असे ती अजून सांगते. त्यामुळे आम्ही सगळे ह्या कथेकडे लग्नाची गोष्ट म्हणूनच बघत आलो. रुक्मीचा प्रसंग म्हणजे मधली गंमत. लहानपणी आमच्याकडे कीर्तनाला येणारे बुवा ह्या ठिकाणी एका बाजूची मिशी बोटाने झाकून दाखवायचे आणि सगळं देऊळ हसायचं. मीही हसायचो.

प्रसंग थोडक्यात असा. रुक्मी बहिणीला सोडवायला धावतो. कृष्णाला मारून रुक्मिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघतो. हे कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. तिथून आजही रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला जाते. तर रुक्मी लढाईत हरतो. कृष्ण तलवार उचलतात, तेव्हा रुक्मिणी त्यांच्या पायांवर पडते आणि भावाचा जीव मागते. कृष्ण जीव देतात. पण त्याच्याच वस्त्राने त्याला बांधून, त्याच तलवारीने त्याचे केस आणि मिशा कुठे काढलेल्या कुठे राखलेल्या अशा करून ठेवतात.

बुवांचं कीर्तन इथे पुढे सरकायचं. भागवत मात्र सरकत नाही. बलरामदादा येतात, रुक्मीला ती अवस्था झालेली बघतात, त्याला सोडवतात आणि धाकट्या भावाला सगळ्यांसमोर सुनावतात. आप्ताचे केस आणि मिशा अशा उतरवून त्याला विद्रूप करणे हे त्याला मारण्यासारखेच आहे, हे आपल्याकडून वाईट घडले, असा त्यांच्या बोलण्याचा भाव. प्रत्यक्ष भगवंताला कुणी असं रागावल्याच्या जागा भागवतात फार नाहीत. यशोदेनंतर हेच.

मला हे वाचून नेहमी वाटायचं, एवढं काय झालं? केसच तर आहेत. तीन महिन्यांत परत येतात. मारणं आणि केस काढणं सारखं कसं होईल?

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखापर्यंत मला खरंच हे कळलं नव्हतं. आजचा अध्याय त्या घरगुती गोष्टीशिवाय मला वाचताच येत नाही, म्हणून ती सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे केस पस्तिशीपासूनच जायला लागले. मग डावीकडचे केस वाढवून उजवीकडे आणून बसवायचे, हा उद्योग मी पंधरा वर्षे केला. तो करणाऱ्यालाच माहीत असतो. पंख्याखाली कुठे बसायचं, हेल्मेट काढल्यावर आधी हात कुठे न्यायचा, फोटोत कुणाच्या मागे उभं राहायचं. पहाटे पोथीसमोर बसल्यावर देह नश्वर आहे ह्यावर चार ओळी लिहायच्या, आणि नऊ वाजता आरशासमोर कंगवा घेऊन त्याच नश्वर देहाची डागडुजी. एके दिवशी ह्याची लाज वाटली. खरं सांगायचं तर लाज थोडी आणि उकाडा जास्त. रविवारी सलूनमध्ये गेलो आणि म्हणालो, "दादा, सगळंच काढा. वस्तऱ्याने."

त्यांचा हात थांबला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरात काही झालंय का?"

"नाही."

"मग तिरुपतीचा नवस?"

"नाही हो. असंच."

"वडील आहेत ना तुमचे?"

"आहेत. साताऱ्याला असतात."

"त्यांना विचारलंय का?"

मला हसू आलं. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने केस कापायला वडिलांची परवानगी काढायची! ते काही बोलले नाहीत, पाण्याचा फवारा मारून कामाला लागले. त्या दिवशी शहाणपणाचं बोलणारे तेवढे एकच होते, हे पुढे लक्षात आलं.

घरी सौ.ने दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि "अहो, आधी सांगायचं तरी," एवढं म्हणून स्वयंपाकघरात गेली. मुलाने मात्र भारी दिसतंय म्हणून फोटो काढला आणि मला न विचारता सगळ्या चुलतभावंडांना पाठवला. सातारा सोडून सगळीकडे तो पोहोचला, कारण आई-अण्णांकडे साधा फोन. रात्री सौ. म्हणाली, "वाईट नाही दिसत. पण मला सवय होईपर्यंत घरात टोपी घाला." मी घातली. आठवड्याभरात तिनेच काढून ठेवली.

साताऱ्याला गेलो तो चौथा दिवस. फाटक उघडून आत गेलो. आई तुळशीपाशी होती. तिने वळून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "काय रे झालं? कोण गेलं?" मी म्हणतोय कुणी नाही, कुणी नाही, उकाड्याने काढले, तर ती ऐकायलाच तयार नाही. हिच्या माहेरचं तर कुणी नाही ना, असं विचारत राहिली. तेवढ्यात अण्णा काठी टेकत ओसरीवर आले. एक्क्याऐंशी वर्षांचे होते तेव्हा. मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले,

"मी अजून आहे रे."

आणि वळून आत गेले. दुपारी जेवायला बाहेर आले नाहीत, ताट खोलीत मागवलं.

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं, मला माहीत नव्हतं असं नाही. वडील हयात असताना मुलाने संपूर्ण मुंडण करू नये. धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ हे सांगतात आणि त्याच वचनात बायको गरोदर असलेल्या नवऱ्यालाही तसंच सांगतात. तीर्थक्षेत्री अपवाद धरतात. शास्त्र बाजूला ठेवलं तरी व्यवहारात गुळगुळीत डोकं बघून लोक दोनच प्रश्न विचारतात, जे सलूनवाल्या दादांनी विचारले. बालाजी की मयत? ह्या दोन्हींपैकी काही नसेल तर काय बोलावं हे समोरच्याला कळत नाही. गंमत बघा, वर्षाच्या बाळाचं जावळ काढताना मामाच्या मांडीवर ते पोर किंचाळत असतं आणि घरभर पेढे वाटले जातात. तेच डोकं पन्नाशीत तसं केलं की आईच्या तोंडाला पदर.

मी त्या दिवशी जेवताना वाद घातला. आईशी घातला, पण अण्णांना आत ऐकू जाईल अशा आवाजात. केस म्हणजे मेलेली गोष्ट आहे, कापले तर रक्त येत नाही. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात रोज हजारो लोक मुंडण करतात, त्यांचे सगळ्यांचे वडील काय लगेच जातात? आणि तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत की देह म्हणजे वस्त्र. मग वस्त्राच्या एका दोऱ्याचं एवढं काय? बोलणं सगळं मुद्देसूद होतं. आतून काही उत्तर आलं नाही, आणि मला वाटलं मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मागच्या अंगणात चहा घेऊन बसले होते. मला बस म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"माझी एक आत्या होती. ताईआत्या. तुम्ही कुणी बघितली नाहीत. लहानपणीच विधवा झाली आणि आमच्याकडेच राहायची. अंगावर लाल अलवण आणि डोक्यावरून पदर. मी सहा-सात वर्षांचा असेन, स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. दर पंधरा दिवसांनी मागल्या दारी न्हावी यायचा. त्याला बोलवायला आजी मला पाठवायची. मी धावत जायचो. परत आलो की आजी हातावर गुळाचा खडा ठेवायची."

मी गप्प बसलो.

"ती कधी रडली नाही, ओरडली नाही. पाटावर बसायची, मान खाली घालायची. मी तिथेच गूळ चघळत उभा. एकदा मान खाली घातलेली तशीच ठेवून तिने मला विचारलं, तूच का रे जातोस बोलवायला? मी काय सांगणार? गूळ मिळतो म्हणून जातो, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं."

चहा गार झाला होता. अण्णा उठले आणि जाता जाता म्हणाले, "काल तू फाटकात उभा राहिलास ना, तेव्हा मला तू दिसला नाहीस."

मंडळी, ह्या विषयावर आपण मराठी माणसांनी पुष्कळ वाचलेलं असतं. मुंबईतल्या नाभिक बांधवांनी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करायला नकार दिला, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचून रडलेली एक पिढी होऊन गेली. पण मुंबईतल्या त्या नकाराला पन्नासाहून जास्त वर्षं झाली तरी साताऱ्यातल्या आमच्याच वाड्याच्या मागल्या दारी पाट मांडला जात होता, आणि माझे वडील तिथे गूळ खात उभे होते, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. तेही मी टक्कल केलं म्हणून.

पुण्याला परत आलो आणि पुन्हा अध्याय ५४ काढला.

ह्या वेळी बलरामांच्या बोलण्याचा क्रम लक्षात आला. ते दोघांशी बोलतात. आधी कृष्णाशी, मग रुक्मिणीशी. कृष्णाला सांगतात ते मी वर लिहिलंच. रुक्मिणीला सांगतात ते पूर्ण वेदान्त आहे. भावाच्या विद्रूपतेने दुःखी होऊ नकोस, प्रत्येकजण आपल्या कर्माचं फळ भोगतो. जन्म, वाढ, नाश हे विकार देहाचे आहेत, आत्म्याचे नाहीत. चंद्राच्या कला कमी-जास्त होतात, चंद्र होत नाही. हे ऐकून रुक्मिणीचं मन शांत होतं.

म्हणजे "केसच तर आहेत" हा माझा मुद्दा भागवताला मान्यच आहे! चांगला सात-आठ श्लोकांत सांगितलेला आहे. पण तो कोण सांगतं आणि कधी सांगतं, तेवढं बघा. ज्याच्या हातात तलवार होती तो सांगत नाही. कृष्ण ह्या सगळ्यात गप्प आहेत. गीता सांगणारे हेच, देहाच्या नश्वरतेवर त्यांच्याइतकं अधिकाराने कोण बोलणार? पण त्या घडीला ते बोलत नाहीत. बोलतात बलराम, आणि तेही आधी करणाऱ्याचा दोष पदरात घालून मगच रडणारीला समजावतात. "हे आपल्याकडून वाईट झालं" हे वाक्य आधी आलं नसतं, तर पुढचा सगळा वेदान्त रुक्मिणीला जखमेवरचं मीठ वाटला असता.

मी साताऱ्याला नेमकं उलटं केलं होतं. वस्तरा माझा आणि वेदान्तही माझाच. देह नश्वर आहे ही गोष्ट खरी आहे, पण ज्याने दुखावलं त्यानेच ती दुखावलेल्याला ऐकवली की तिचा अर्थ "तू रडू नकोस, मला त्रास होतो" एवढाच उरतो. ताईआत्याला पाटावर बसवणारी माणसंही तिला वैराग्यच सांगत असणार. केसांत काय आहे, शेवटी देहच आहे, देवाकडे लक्ष लाव. वाक्यं तीच, मी जेवताना बोललो तीच. मी ती माझ्या डोक्याबद्दल बोलत होतो आणि ती माणसं तिच्या, हा फरक आहे आणि तो फार मोठा आहे, हे मला कळतं. माझा वस्तरा मी स्वतः मागून घेतला होता. पण अण्णांच्या कानाला दोन्ही सारखेच ऐकू आले असतील तर त्यांचं काय चुकलं?

प्रथम स्कंधातला अश्वत्थामाही इथे आठवतो. झोपलेली पाच मुलं मारलेला माणूस समोर बांधून आणलाय, आणि द्रौपदी म्हणते सोडा ह्याला, मी रडते तशी ह्याची आई रडायला नको. शेवटी अर्जुन त्याच्या मस्तकावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला घालवून देतो. असल्या माणसाला मुंडण हाच वध, असं तिथे सांगितलंय. दोन्ही ठिकाणी ज्याचे केस गेले त्याच्याइतकीच, किंवा जास्तच, एका बाईच्या मनाची चिंता आहे. तिथे आई, इथे बहीण. माझं डोकं मला दिसत नाही, आरशाशिवाय. दिवसभर ते बघायचं असतं घरातल्यांनी.

म्हणून केस कुणाचे, ह्या प्रश्नाचं उत्तर मला सरळ देता येत नाही. माझेच, हे तर झालंच. दुसऱ्या कुणाचे म्हटलं की आपण ताईआत्याच्या पाटापाशी जाऊन पोहोचतो. तिचे केस सासरचे होते, माहेरचे होते, गावाचे होते, एक तिचेच नव्हते. तेव्हा घरच्यांना आवडत नाही म्हणून पुरुषाने किंवा बाईने आपल्या डोक्याचं काय करायचं ते करू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. मीही पुढे केस वाढवले नाहीत. पण माझे आहेत म्हणून त्यांच्याशी इतर कुणाचा संबंध नाही, हेही खरं नाही. निर्णय माझा आणि दुःख दुसऱ्याचं, असं एकाच वेळी असू शकतं. ते दुःख चुकीच्या समजुतीतून आलेलं असलं तरी.

मग करायचं काय? ह्यावर जुन्या कथांमध्ये मला सगळ्यांत जवळची वाटली ती जैन आगमातली, ज्ञाताधर्मकथेतल्या मेघकुमाराची. राजगृहाच्या श्रेणिक राजाचा हा मुलगा दीक्षा घ्यायला निघतो. आई धारिणी मूर्च्छा येऊन पडते. मग मायलेकांचा, बापलेकांचा लांबलचक वाद होतो, दोन्ही बाजू बोलतात आणि शेवटी आईवडील परवानगी देतात. न्हावी केस कापतो तेव्हा धारिणी ते केस शुभ्र वस्त्रात झेलते, सुगंधी पाण्याने धुते आणि डबीत जपून ठेवते. सणावारी ह्यालाच बघून मुलाला बघितल्यासारखं होईल, असं म्हणत रडते. तिचं दुःख कमी झालं, असं कथा कुठेच म्हणत नाही. पण तिला तिथे उभं राहायला मिळालं. तिच्या हातात वस्त्र होतं.

ह्याच्या उलट आपल्या विठ्ठलपंतांची गोष्ट. गंगास्नानाला जातो असं काहीतरी मोघम बोलून, बायकोच्या तोंडून बेसावधपणे हो वदवून घेतलं आणि काशीला जाऊन संन्यास घेतला, असं चरित्रकार सांगतात. तिचंही नाव रुक्मिणीच. पुढे गुरूंनीच त्यांना परत पाठवलं आणि त्याची किंमत चार लेकरांनी मोजली. त्या लेकरांत आपली माउली होती म्हणून आपण ती गोष्ट हात जोडून ऐकतो. पण आळंदीत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या बाईच्या जागी उभं राहून कधी ऐकली आहे का? मी नव्हती ऐकली.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, हे सगळं संन्यासाचं झालं, उकाड्याने टक्कल करणाऱ्याला एवढा विचार कशाला? बरोबर आहे. माझ्या टकलात संन्यास नव्हताच. पण चांगल्या हेतूने केलेल्या मुंडणातही हे होतं. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला कर्करोग झाला. केमोने तिचे केस गेले. हा गडी एका संध्याकाळी तिला धीर द्यायला म्हणून गोटा करून घरी गेला. आम्ही सगळे भारावून गेलो होतो. महिनाभराने त्याने मला सांगितलं की ती त्या दिवशी त्याच्यावर फार चिडली. म्हणाली, "घरात आजार नसलेलं एक डोकं होतं, तेवढं बघून मला बरं वाटायचं. आता जिकडे बघावं तिकडे तेच." आणि त्याने परत वाढवले. प्रेमात कुठे कमतरता नव्हती. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

सहा आठवड्यांनी साताऱ्याला गेलो तेव्हा मी आधी फोन केला. म्हटलं, "अण्णा, डोकं अजून तसंच आहे, तसंच ठेवायचं म्हणतोय. येऊ का?" पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "ये. टोपी घालून ये, फाटकापर्यंत." मग मी म्हणालो, "त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते बोलायला नको होतं." त्यावर ते म्हणाले, "फोनवर काय, ये इकडे." फाटकात टोपी काढायला गेलो तर ओसरीवरून हात केला, आत ये मग काढ. शेजारी बघतील म्हणून, की स्वतःला एक क्षण मिळावा म्हणून, ते मी विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. फाटकापर्यंत टोपी. आईला सवय झाली, ती तर आंघोळीआधी टाळूवर तेल थापायला लागली, लहानपणी थापायची तसं. अण्णा शेवटी चार महिने अंथरुणावर होते. दिसत कमी झालं होतं. मी खाटेजवळ बसलो की हाताने चाचपायचे, डोकं सापडलं की कोण आलंय ते त्यांना कळायचं. आमच्या घरात तसं डोकं एकच. एकदा बराच वेळ हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "ताईआत्याच्या डोक्याला मी कधी हात लावला नाही." मी काही बोललो नाही. ह्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आजही नाही.

गेल्या माघात अण्णा गेले.

दहाव्याला माहुलीला संगमावर गेलो. घाटावर न्हावी बसलेले असतातच. धाकटा भाऊ, चुलतभाऊ एकेक करून बसत होते. भावाचे केस दाट, अजून काळे, त्याच्यासमोर ढीग पडला. माझी पाळी जवळ आली तशी मला कसंतरी व्हायला लागलं. दोन वर्षं दर रविवारी मी जे सलूनमध्ये टाकून येत होतो, ते आज वडिलांना द्यायचं होतं. "मी अजून आहे रे" म्हणाले होते, ते हेच नसेल ना? माझं जे आहे ते आधीच खर्चून बसलास, असं? आता मी पाटावर रिकामा काय बसणार?

गुरुजींना हळूच विचारलं. ते म्हणाले, बसा तर खरं.

बसलो. मान खाली घातली. न्हाव्याने डोक्यावर पाणी लावलं, बोटं फिरवली आणि म्हणाला, "आहेत की."

सुतकात दहा दिवस वस्तरा लागला नव्हता. कानांच्या वर आणि मागे खुंट आले होते. वस्तरा फिरला तेव्हा ओल्या दगडावर पडलेले बघितले. तीळभर लांब, आणि सगळे पांढरे. माझे केस पांढरे झालेत हे मला माहीतच नव्हतं. अण्णा गेल्यापासून उगवलेले तेवढे. मी ते पाण्यात सोडले.

उद्याचे वाचन : अध्याय ५५.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥